सात की साठ

माझं आडनाव टिकेकर. महाराष्ट्रात या आडनावाचं कुणाला काही वाटत नाही. चंदीगडमध्ये मात्र इंजेक्शनला ‘टीका’ म्हणतात, आणि मी नोकरीला होते तिथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. पांढरा कोट आणि त्यावर ठळक अक्षरांत टिकेकर. पहिल्याच आठवड्यात एक सरदारजी शर्टाची बाही दंडापर्यंत वर करून माझ्यासमोर उभे राहिले आणि हलेनात. मी सांगितलं की मी टीका देत नाही, रक्त तपासते. त्यांनी माझ्या कोटावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सरकारी पाटी खोटी कशी असेल, असा त्यांचा चेहरा होता. पुढची सत्तावीस वर्षं मी ‘टीकेवाली मॅडम’ राहिले आणि एकही टीका न देता निवृत्त झाले.

माझं खरं काम मोजण्याचं. रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात आणि प्लेटलेट नावाचे अगदी बारीक कण असतात. कुठं कापलं, खरचटलं की हे कण धावत जाऊन तिथं एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. ठरलेल्या मापाच्या रक्तात ते दीड लाखाच्या वर असले की माणूस निर्धास्त. वीस हजारांच्या खाली घसरले की काही न कापताही रक्त येऊ शकतं, हिरड्यांतून, नाकातून, आणि नशीब फुटकं असेल तर मेंदूत. तिकडे त्यांना कुणी प्लेटलेट म्हणत नाही, ‘सेल’ म्हणतात. ‘सेल घट गए जी’ म्हणत माणसं रडवेल्या तोंडानं खिडकीशी येत. त्याच सुमाराला बाजारात कपड्यांच्या दुकानांवर ‘सेल’च्या पाट्या झळकायला लागल्या होत्या. घट तिथंही होती, पण ती पाहून कुणी रडत नसे.

उदारीकरण आमच्या प्रयोगशाळेत आलं ते एका लाकडी खोक्यातून. त्यात रक्तपेशी मोजणारं परदेशी यंत्र होतं. तोवर मी काचेवर आखलेल्या बारीक चौकटींत रक्त ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण डोळ्यांनी मोजत असे. यंत्र तेच काम मिनिटभरात करी आणि आकडे छापलेला कागद बाहेर टाकी. त्याला उकाडा सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीत एसी आला. आम्ही इतकी वर्षं जूनच्या लूच्या झळांत घामाघूम होऊन मोजत होतो, तेव्हा एसी कुणाला सुचला नव्हता. माझा नवरा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांचा इंजिनियर. तो मुद्दाम यंत्र पाहायला आला, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, हे तुझ्याहून अचूक आहे आणि बोलतही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात कारलं गेलं.

यंत्र अचूक होतं, हे मी आजही मान्य करते. पण ते मोजतं, पाहत नाही. म्हणून आकडा कमी आला की मी त्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहत नसे. आमचे प्रमुख डॉक्टर भल्ला याला माझा संशयी स्वभाव म्हणत. मी त्याला नोकरी म्हणत असे.

वीस हजारांच्या खालचा आकडा तातडीनं वॉर्डाला फोनवर सांगायचा, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, मग वहीत वेळ लिहून सही करायची, असा आमचा नियम होता. आधी हे सगळं इंग्रजीत चाले. मग एकदा सेव्हन्टीनचं सेव्हन्टी झालं, थोडक्यात निभावलं, आणि भल्ला साहेबांनी हुकूम काढला की यापुढे आकडे हिंदीत सांगायचे, म्हणजे गोंधळाला जागाच नको. आपल्या हाताखालची बाई मिरजेची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

हिंदी आकडे हे माझं जुनं दुखणं. उनसठ, उनहत्तर, उनासी, नवासी ही मंडळी मला कधीच नीट ओळखता आली नाहीत. माणूस कुठल्याही गावी राहो, मोजतो तो आपल्याच भाषेत. मी मनात ‘एकोणसाठ, साठ, एकसष्ट’ असं मोजायची आणि फोन उचलला की त्याचं हिंदी करायची. सात आणि साठ हे दोन मला त्यातल्या त्यात बिनधोक वाटत, कारण ते दोन्ही भाषांत सारखेच. नेमका तिथंच घात झाला.

बिट्टू हा चंदीगडजवळच्या डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात माल पॅक करायच्या खात्यात होता. वय सव्वीस. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्याच्या आईनं आपली एक दिली होती. तिला सगळा वॉर्ड बीजी म्हणे. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, हातात कायम विणकाम. ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं तरी बीजी त्या किडनीला मुलाची म्हणायला तयार नव्हत्या. ‘मेरी किडनी’ असंच म्हणायच्या. त्यांच्या मते मुंडा, म्हणजे मुलगा, ऐतखाऊ, उठतो उशिरा, पाणी पीत नाही, आणि त्यांची किडनी बिचारी त्याच्यासाठी रात्रंदिवस राबते. तपासणीचे आकडे चांगले आले की श्रेय किडनीला, वाईट आले की दोष बिट्टूला. बिट्टू हसून सोडून देई. आईचा अवयव पोटात घेऊन तिच्याशी भांडणार तरी कसा?

दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी समजतं आणि हाकलायला बघतं. तसं होऊ नये म्हणून शरीराची राखण करणाऱ्या पेशींना रोज गोळ्या देऊन गुंगीत ठेवावं लागतं. या गोळ्या जन्मभराच्या. चुकल्या तर किडनी गेली. आणि राखणदार गुंगीत असले की साधं दुखणंही आडदांड होतं. बिट्टूला त्या हिवाळ्यात पुतणीकडून कांजिण्या आल्या. आपल्या घरातल्या पोराला आल्या तर आपण कडुलिंबाचा पाला आणतो, पण अशा पेशंटच्या त्या जिवावर बेततात. त्याला दहा दिवस वेगळ्या खोलीत ठेवून शिरेतून औषध दिलं. बीजींनी त्यांच्याकडून वेगळी व्यवस्था केली. कांजिण्या म्हणजे माता. माता आहे तोवर घरी फोडणी नाही आणि बिट्टूनं दाढी करायची नाही. बिट्टू बरा झाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले औषधानं आणि बीजी म्हणाल्या फोडणी बंद ठेवल्यानं.

बरा होऊन पंधरवडा झाला असेल. दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. किडनीच्या ओपीडीत डॉक्टर ग्रेवाल होता. माझ्या भाच्याच्या वयाचा, म्हणून इथं त्याला अरेतुरे करते, समोर डॉक्टर साहेबच म्हणत असे. त्यानं रक्त वर पाठवलं आणि बिट्टूला बाकावर बसवून ठेवलं. आकडा कमी आला तर भरती, बरा आला तर घरी, असं त्यानं बीजींना सांगितलं होतं.

यंत्रानं सात हजार छापले. मी काच रंगवून पाहिली. खरंच, कण शोधावे लागत होते. दिसले ते मोजके, पण चांगले मोठाले. हे मी मनात टिपून ठेवलं आणि आधी फोन उचलला.

लाइन खरखरत होती. मी म्हटलं, सात हज़ार. ग्रेवाल म्हणाला, साठ हज़ार? मी म्हटलं, हां जी, सात. तो म्हणाला, पक्का ना, साठ? मी म्हटलं, पक्का. नियमाप्रमाणं आकडा तीनदा इकडून तिकडे गेला, दोघांनीही आपापल्याला हवा तो ऐकला, आणि मी वहीत वेळ लिहून झोकात सही केली. साठ हजार म्हणजे सावध राहायचं, पण भरतीची घाई नाही. वीसच्या वरचा आकडा ही बाई कशाला फोन करून सांगतेय, असा प्रश्न त्याला पडला होता म्हणे. पण टिकेकर मॅडमना जास्तीचं काम करायची हौस आहे, असं समजून त्यानं तो सोडून दिला.

तासाभरानं बीजी माझ्या खिडकीशी हजर. हातात पिन्नींचा डबा. पिन्नी म्हणजे कणीक तुपात भाजून केलेला पंजाबी लाडू. साठ हजार सेल निघाले, डॉक्टरांनी घरी सोडलं, माता गेली असंही सांगितलं, म्हणून तोंड गोड करायला आल्या होत्या. मी विचारलं, कितने? त्यांनी सहा बोटं वर केली आणि म्हणाल्या, दस-दस वाली. मी वही उघडली. माझ्याच अक्षरात सात लिहिला होता.  बिट्टू कुठं आहे, मी विचारलं. तो कारखान्यात कामावर रुजू होण्याचा कागद द्यायला स्कूटरवरून पुढं गेला होता. सात हजार प्लेटलेट असलेला मुलगा, स्कूटरवर, डेराबस्सीच्या रस्त्याला.

लिफ्टची वाट न बघता मी चार मजले खाली धावले. माझ्या मागं पिन्नींचा डबा घेतलेल्या बीजी. ग्रेवालनं माझा चेहरा पाहिला आणि पेशंटला तसाच ठेवून उठला. कारखान्यात फोन लावला तर फाटकावरचा माणूस म्हणाला, बिट्टू अजून पोचला नाही. मग ग्रेवालनं आपली मारुती काढली. तो चालवत होता, मी शेजारी, बीजी मागं. त्यांना कळू नये म्हणून आम्ही दोघं इंग्रजीत भांडत होतो. तो म्हणे, मी साठ ऐकलं. मी म्हणे, तुझे कान तपासून घे. सात-साठ इंग्रजीत सांगता येईनात, म्हणून भांडणातले आकडे तेवढे हिंदीत होते.

वाटेतलं झिरकपूर तेव्हा आजच्यासारखं फ्लॅटांनी भरलेलं नव्हतं, पण वाहतूक तुंबवण्याचा सराव त्यानं तेव्हापासूनच सुरू केला होता. भर दुपारी चौकात वरात. बँडवाले, घोडी, नाचणारे मामे-काके, आणि दोन्हीकडे ट्रक. ग्रेवालनं हॉर्न वाजवला तर नाचणाऱ्यांना वाटलं, हाही आपल्यातलाच. शेवटी बीजी उतरल्या. त्या काय बोलल्या ते मला गाडीत ऐकू आलं नाही, पण बँड थांबला, घोडी बाजूला झाली आणि नवरदेवानं मुंडावळ्यांसारखा तो सेहरा बाजूला सारून बीजींना वाकून नमस्कार केला. एवढ्या घाईतही बीजींनी त्याच्या हातावर एक पिन्नी ठेवली.

पुढं रस्त्यावर कुठं पडलेली स्कूटर दिसते का, एवढंच मी बघत होते. ती दिसली डेराबस्सीच्या बसस्टँडजवळ, पण नीट स्टँडवर लावलेली. शेजारी झाडाखाली न्हाव्याची खुर्ची. खुर्चीत बिट्टू. माता गेली, म्हणजे दाढीची बंदी उठली, आणि तीन-चार आठवड्यांच्या दाढीनं कामावर जायचं तर लाजच. तोंडभर फेस होता, मान मागं टाकलेली, डोळे मिटलेले. कांजिण्यांच्या ताज्या खपल्यांचे डाग असलेल्या त्या गालाकडे न्हावी वस्तरा घेऊन वाकला होता.

मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि ओरडले, ‘अहो थांबा, हात लावू नका त्याला!’

अस्सल मराठीत. घाबरलेला माणूसही आपल्याच भाषेत घाबरतो. न्हाव्याला शब्दही कळला नसणार, पण पांढऱ्या कोटातली बाई किंचाळत येतेय हे पाहून त्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. बिट्टूनं डोळे उघडले तर समोर टीकेवाली मॅडम, किडनीचे डॉक्टर आणि आई. ‘मैंने क्या किया?’ एवढंच तो बिचारा म्हणाला. त्याला फेसासकट गाडीत बसवला. स्कूटर न्हाव्याकडे राहिली. परत येईपर्यंत फेस गालावर वाळून पापुद्रे पडायला लागले होते, आणि तसाच तो भरती झाला.

इथवरचं मी पुढं कित्येक वर्षं पार्ट्यांमध्ये हसवत सांगितलं. पुढचं फारसं सांगितलं नाही.

प्लेटलेट का गेले, हा आता प्रश्न होता. किडनी विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना रोजच्या गोळ्यांचा संशय आला. त्यांतली एक गोळी हाडांच्या मगजावर, म्हणजे अस्थिमज्जेवर, ताण आणू शकते, आणि प्लेटलेट तयार होतात ते मगजातच. गोळी बंद करून बघावी, असं ठरत होतं. गोळी बंद म्हणजे राखणदार जागे, आणि राखणदार जागे म्हणजे किडनीचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. बीजींना सगळ्या चर्चेतलं ‘दवाई बंद’ एवढंच कळलं आणि त्यांना पुढचं सगळं समजलं. त्या मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन म्हणाल्या की पहिली जात असेल तर दुसरी घ्या. मग तुमचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, मेरा क्या है, मैं पानी कम पी लूंगी.

 मी तिथून निघाले ती सरळ माझ्या टेबलाशी आले आणि ती काच पुन्हा लावली. पांढऱ्या पेशी ठीक होत्या. तांबड्या अखंड होत्या. आणि प्लेटलेट थोडे, पण मोठाले. मोठा प्लेटलेट म्हणजे मगजातून नुकताच बाहेर पडलेला, कोवळा. मगज थकलेला असता तर असे कण दिसले नसते. पण एका फोननं एवढा गोंधळ घातलेली बाई आता मोठ्या डॉक्टरांना शहाणपण शिकवणार, ही लाज मला सोडत नव्हती.  तरी काच उचलली आणि भल्ला साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग नुसतं ‘चलो’ म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याबरोबर वॉर्डापर्यंत चालत आले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

भल्ला साहेबांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की गोळीला हात लावायच्या आधी मगज तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी बिट्टूच्या कमरेच्या हाडातून थेंबभर मगज काढला. त्यात प्लेटलेट घडवणाऱ्या मोठ्या पेशी भरपूर होत्या. म्हणजे विषाणू गेला होता, पण त्याच्या धरपकडीसाठी उठलेले काही राखणदार अजून शांत झाले नव्हते आणि आपल्याच प्लेटलेटना चोर समजून पकडत होते. हे मी बिट्टूला समजावत होते, तर पॅकिंगमधला तो, माझं वाक्य पुरं होऊ न देता म्हणाला, समझ गया जी, माल फैक्टरी से निकल रहा है, ट्रक रास्ते में लुट रहा है. एवढं सोपं मला सत्तावीस वर्षांत कधी सांगता आलं नाही.

गोळी चालू राहिली. राखणदारांना शांत करायला स्टेरॉइडचा डोस वाढवला. आता थांबायचं होतं, आणि थांबणं बीजींच्या गावाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वीसेक माणसं रुग्णालयाच्या दारात उतरली, बिट्टूला सेल द्यायला. बाहेरून दिलेलेही रस्त्यातच लुटले जातील, म्हणून ते अगदी निकडीशिवाय देत नाहीत, हे त्यांना सांगून पटेना. शेवटी त्यांनी ‘इथवर आलोच आहोत’ म्हणून रक्तपेढीत रक्तदान केलं, तिथली बिस्किटं संपवली आणि गेले. बिट्टूचा आकडा त्या दिवशी आठ हजार होता.

इकडे माझं आणि ग्रेवालचं भांडण मिटलं नव्हतं. मी घरी जेवताना त्याच्या कानांबद्दल बोलत होते. नवरा म्हणाला, प्रयोग करून बघू. त्यानं मला स्वयंपाकघरात उभं केलं, दार लावलं, आणि बाहेर आमच्या मुलीला, मुक्ताला, कागद-पेन्सिल देऊन बसवलं. मी आतून दहा वेळा सात आणि साठ उलटसुलट म्हटलं. मुक्ता आठवीत होती, मराठी सगळं कळे, उत्तर हिंदीत देई. दार उघडल्यावर म्हणाली, ‘आई, तू तो दोनों सेम बोलती है.’ दहातले पाच तिनं चुकीचे लिहिले होते. त्यातून नवऱ्यानं एक तोडगा सुचवला, तो पुढं आमच्याकडे नियम झाला. आकडा सलग सांगायचा नाही, अंक सुटे सांगायचे, सात, शून्य, शून्य, शून्य. पण त्या संध्याकाळी मला नियमाचं काही वाटलं नाही. ग्रेवालचे कान ठीक होते, एवढंच मला दिसत होतं. बिट्टूला त्या न्हाव्यापासून मीच वाचवलं, असं बीजी वॉर्डात सगळ्यांना सांगत होत्या. त्याला तिथं पाठवलं कुणी, हे त्यांना ठाऊक नाही, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बीजी बिट्टूचा स्वेटर विणत बसल्या होत्या. पिन्नींचा डबा शेजारी. मी जाऊन बसले आणि सांगितलं, सगळं. सात होते, मी फोनवर म्हटलं ते साठ ऐकू आलं, चूक माझ्या बोलण्याची होती. बीजींनी विणकाम थांबवलं नाही. ओळ पुरी केली, सुया गुंडाळल्या. मग म्हणाल्या की परवा डॉक्टर ग्रेवालही असाच येऊन बसला होता, चूक त्याच्या ऐकण्याची होती म्हणून. पुढं म्हणाल्या की आपल्या घरी जमिनीचा खटला चालू आहे तो सासऱ्यांच्या वेळेपासून, आणि त्यात आजवर एकानंही चूक माझी असं म्हटलेलं नाही. मला वाटलं, आता माफी मिळणार. बीजींनी पिन्नींचा डबा उचलला, काखेत धरला आणि उभ्या राहिल्या.

‘अब से फोन नहीं,’ त्या म्हणाल्या. ‘कागज़ मेरे हाथ में देना.’

डबा घेऊन त्या आत गेल्या. मला फार लागलं ते, पण त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

त्या दिवसापासून रोज अकरा वाजता बीजी चार मजले चढून माझ्या खिडकीशी येत. एक किडनी, दुखरे गुडघे, आणि लिफ्टवर विश्वास नाही. मी कागद देई. वाचता येत नव्हतं, म्हणून आकडा बोटांनी दाखवून घेत, मग कागदाची घडी मुठीत धरून खाली वॉर्डात नेऊन ग्रेवालच्या हातात देत. माझा फोन झालेला असायचाच, सुट्या अंकांत. पण बीजींचा कागद येईपर्यंत ग्रेवाल फाइलमध्ये आकडा लिहीत नसे, हे मला त्यानं खूप नंतर सांगितलं. पाचव्या दिवशी बारा हजार झाले. मग एकतीस. मग एका सकाळी चौऱ्याहत्तर, आणि ते दाखवता दाखवता माझीच बोटं चुकली. किडनीचे आकडे जिथल्या तिथं होते. बीजी मान हलवून म्हणाल्या, ती तर काम करणारच, माझी आहे.

बिट्टूला घरी सोडायचं त्या दिवशी आकडा होता एक लाख चाळीस हजार. बीजींनी कागद घेतला, पण खिडकीतून हलल्या नाहीत. हे सेल सेल म्हणतात ते असतात तरी कसे, मला दाखवा, म्हणाल्या. बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. मी घेतलं. बिट्टूची काच लावली, स्टूल वर केलं, एक डोळा मिटायला शिकवला. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग चित्र स्पष्ट झालं. गुलाबी पेशींच्या मधे मधे जांभळे बारीक ठिपके सगळीकडे विखुरलेले असतात. ते सुंदर दिसतात, आणि मला इतक्या वर्षांनीही दिसत.

‘इसमें मेरे कौन से हैं?’ त्यांनी डोळा न काढता विचारलं.

मी सांगितलं, यात तुमचा एकही नाही. किडनी तुमची. हे सगळे त्याचे. लुटले जात होते तरी तो रोज नवे करत राहिला, म्हणून आज इतके आहेत.

बीजींनी डोळा काढून दाराकडे पाहिलं. दाराशी बिट्टू उभा होता, वाढलेल्या दाढीत, नव्या स्वेटरमध्ये, आपल्याला कशासाठी थांबवलंय हे न कळून.

‘अच्छा,’ त्या म्हणाल्या, ‘फिर तो मुंडे ने खुद भी कुछ किया.’

त्या उठल्या, पोराजवळ गेल्या आणि त्याचा हात धरून जिन्याकडे चालायला लागल्या. माझा निरोप घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी पुढच्या पेशंटची काच लावून डोळा टेकवला तर काही स्पष्ट दिसेना. भिंग ओलं झालं होतं. ते पुसायला मला जरा वेळ लागला, कारण रुमालही आधी माझ्याच डोळ्यांना लागला.